एका सहीचं घर

१

जाहीर नोटिशीप्रमाणे कै. महादेवप्पा हालगे गुरुजींना एकच वारस होता आणि तो लातूरला राहत होता. मग अहमदपूरच्या त्यांच्या घराचं दार उघडून समोर उभी राहिलेली ही बाई कोण, हे रेणुकादास चिद्रावारांना समजेना.

"कोण पायजे?" तिने विचारलं. गळ्यात मोजपट्टी होती. मागे शिलाई मशीन होतं आणि त्यावर अर्धी पिको झालेली साडी लोंबत होती.

"मी नांदेडहून आलो. हे घर विकायचं आहे असं वाचलं."

"कुठं वाचलं?"

रेणुकादासांनी पिशवीतून पेपर काढला. हा त्यांचा रोजचा धंदा होता. सकाळी चहाच्या आधी शोकसंदेश वाचायचे, मग जाहीर नोटिसा वाचायच्या. माणूस गेला, मुलं पुण्या-मुंबईला, घर नको झालेलं. अशी घरं वारसांकडून घ्यायची आणि वर्षभराने विकायची. नांदेडात त्यांना पाठीमागे 'तेराव्याचे पाहुणे' म्हणत. पूर्वी त्यांना त्याचं हसू यायचं. आता छप्पन्नाव्या वर्षी गुडघे दुखत होते, साखर वाढली होती आणि परक्या घरात सतरंजीवर बसून 'फार वाईट झालं' म्हणण्याचा मनापासून कंटाळा आला होता. एकच नियम त्यांनी कधी मोडला नव्हता: घर एका सहीचं असावं. दोन सह्या म्हणजे दोन तोंडं, दोन वकील आणि सात वर्षं कोर्ट. हे ते येईल त्याला ऐकवत.

बाईने नोटीस बोट ठेवून वाचली. शेवटच्या ओळींवर बोट थांबलं. घर श्रीनाथ हालगे यांच्या एकट्याच्या नावे करण्याचा अर्ज अहमदपूरच्या भूमी अभिलेख कार्यालयात आहे. हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी.

"'एकमेव वारस'," ती हळू म्हणाली. "श्रीनाथ माझा थोरला भाऊ. म्या सिंधु, गुरुजींची पोरगी. मला सांगा साहेब, म्या कवा मेले?"

रेणुकादासांनी मनातल्या मनात तारखा मोजल्या. आज गुरुवार, अकरावा दिवस. सोमवारी मुदत संपत होती.

२

खरं तर त्यांनी तिथूनच परत फिरायला हवं होतं. दोन सह्यांचं घर म्हणजे आपल्या कामाचं नाही, हे कळायला एक मिनिट पुरे होतं. पण सिंधुताईंनी पाणी आणून दिलं आणि पाणी पिऊन लगेच उठणं त्यांना बरं वाटेना.

"सासरी पटलं न्हाई म्हणून नऊ वर्षांखाली आले," ती सांगू लागली. "अप्पांना शेवटची दोन वर्षं उठवत बसवत मीच होते. गेल्या महिन्यात लिंगैक्य झाले. रुद्रभूमीत समाधी दिली, हातात लिंग ठेवून, बसवून, रीतीपरमानं. दादा लई रडला. आन् हे असं?"

"तुमच्याकडे पेपर येत नाही का?"

"येतो की. अप्पांचा पेपर बंद केला न्हाई म्या." तिने कोनाड्यातली रद्दी काढली. त्या तारखेचा अंक होता, लातूर आवृत्तीचा. त्यात ही नोटीस नव्हती. नोटीस फक्त नांदेडच्या आवृत्तीत होती.

घर लातूर जिल्ह्यातलं, वारस लातूरचा आणि नोटीस नांदेडच्या पेपरात. रेणुकादासांनी असे प्रकार पाहिले होते. घरच्यांच्या नजरेस पडू नये म्हणून लोक असं करतात.

"गुरुजींनी काही लिहून ठेवलं होतं?"

"मला तर काई बोलले न्हाईत. कागदं सगळी त्या पेटीत. नवव्या दिवशी दादानं पेटी उघडली. तिघंच व्हते आत: दादा, देविकावैनी आन् व्यंकटभाऊ. म्या मागं भाकरी करायले व्हते."

व्यंकट म्हणजे तहसीलसमोर बसणारा स्टॅम्पवाला. गुरुजींचा जुना विद्यार्थी आणि बारा वर्षांपासून रेणुकादासांचाही माणूस. तालुक्यात कुठलं घर मोकळं झालं हे तोच कळवायचा आणि त्याची दलाली घ्यायचा. याच घराबद्दल मात्र तो काही बोलला नव्हता.

सिंधुताईंनी पेटी पुढे सरकवली. पेन्शनचे कागद, लाइट बिलांची चळत, वेगवेगळ्या कामांची शपथपत्रं. शपथपत्रं सगळी शंभरच्या बॉण्डवर होती, अगदी दोन हजार बावीसपर्यंतची.

"अप्पा लई जपून वागायचे. पाकीट फाडून मागच्या कोऱ्या बाजूला गणितं सोडवायचे," ती म्हणाली. मग मशीनवरच्या साडीकडे बघत म्हणाली, "हे घर गेलं तर मशीन कुठं मांडू, साहेब?"



३

शुक्रवारी ते लातूरला गेले, गिऱ्हाईक म्हणूनच. श्रीनाथ हालगे कॉलेजात शिकवत होते. चाळिशीतला, खांदे पाडून बसणारा माणूस. बोलण्याचं काम बायकोकडे होतं.

"वन्संना लग्नात सगळं दिलंय," देविकाबाईंनी चहा ठेवता ठेवता सांगितलं. "आता परत हिस्सा कशाचा? आणि मामंजींनीच लिहून ठेवलंय, आम्ही मागायला गेलो नव्हतो."

कागद समोर आला. पाचशेच्या बॉण्डवर लिहिलेलं मृत्युपत्र, तारीख बावीस जून दोन हजार बावीस. घर श्रीनाथला, सिंधुचा काही हक्क नाही. खाली गुरुजींची सही आणि दोन साक्षीदार. साक्षीदारांची नावं रेणुकादासांना लगेच आठवली. दोघांचेही शोकसंदेश त्यांनीच वाचले होते, एकाचा मागच्या वर्षी, एकाचा त्याच्या आधी. विचारायला कोणी उरलेलं नव्हतं.

"पेटीत कुणाला सापडला?"

"व्यंकटने फाइल उघडली, त्यातून खाली पडला. मी उचलला," देविकाबाई म्हणाल्या.

"तुम्ही पूर्ण वाचलात, सर?"

श्रीनाथनी कपातला चहा ढवळला. "नावाची ओळ वाचली. पुढचं... धीर झाला नाही. सही अप्पांचीच दिसते."

रेणुकादासांनी मोबाइलमध्ये दोन्ही बाजूंचा फोटो घेतला. वरच्या डाव्या कोपऱ्यात बोटाएवढा पुसट तांबूस डाग होता. पेटीतला गंज लागला असेल, असं त्यांना वाटलं.

"आणि ती नोटीस नांदेडच्या पेपरात का दिली?"

नवराबायको एकमेकांकडे बघू लागले. "कागदपत्रांचं सगळं व्यंकटच बघतो. आम्ही पेपरात काय आलं ते पाहिलंसुद्धा नाही," श्रीनाथ म्हणाले. खोटं बोलणाऱ्या वारसांचे चेहरे रेणुकादासांनी आयुष्यभर पाहिले होते. हा चेहरा त्यातला नव्हता. सोयीचं खरं मानून डोळे मिटलेल्या माणसाचा तो होता आणि अशांची संख्या लबाडांपेक्षा जास्त असते.

परतीच्या बसमध्ये त्यांनी फोटो मोठा करून मृत्युपत्र पुन्हा वाचलं. चाकूरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा ते शेवटच्या परिच्छेदाशी आले होते: 'माझ्या अग्निसंस्कारानंतर माझ्या अस्थी गोदावरीत विसर्जित कराव्यात.'

हे वाक्य त्यांनी शेकडो मृत्युपत्रांत वाचलं होतं, म्हणून सकाळी नजर त्यावरून घसरली होती. पण हालगे गुरुजी लिंगायत होते. त्यांना समाधी दिली. लिंगायत माणूस स्वतःसाठी अग्नी आणि अस्थी लिहीलच कशाला? त्याचा मुलगा लिहिणार नाही आणि सूनही लिहिणार नाही. हे लिहिणारा घरातला नव्हता. दुसऱ्या कुणाचा मसुदा समोर ठेवून त्याने उतरवून काढलं होतं.

घरातले दोघे वजा केले तर पेटीपाशी एकच माणूस उरत होता.

४

तो माणूस अहमदपुरात तहसीलसमोरच्या कडुनिंबाखाली आपल्या टेबलाशी बसला होता. रेणुकादासांना पाहताच व्यंकटने खुर्ची पुसली.

"या सावकार! लई दिवसांनी. गुरुजींच्या घरासाठी आलात न्हवं?"

"तुला कसं कळलं?"

"तुमी रोज नांदेडचा पेपर वाचता, हे काय कुणाला ठाव न्हाई?" व्यंकट हसला. "नजरेतून सुटतंय का तुमच्या!"

रेणुकादासही थोडं हसले. बारा वर्षांची ओळख होती. याच्या पोरीच्या लग्नात ते जेवून आले होते. मसुदा लिहिणं हा याचा धंदाच, गुरुजींनी सांगितलं म्हणून लिहिलाही असेल आणि चुकीचं वाक्य सवयीने पडलं असेल. त्यांना तसं असावं असं फार वाटत होतं.

"गुरुजींनी मृत्युपत्र तुझ्याकडून लिहून घेतलं का रे?"

"न्हाई बा. मला तर पेटीतून पडलं तवाच कळलं." व्यंकट पटकन म्हणाला. "सोन्यासारखं घर हाय. मोंढ्याच्या बाजारापासून जवळ. आन् एक सही. इसार करून टाका, सावकार. बॉण्ड देऊ?"

"दे."

व्यंकटने पाचशेचा कोरा बॉण्ड काढला. शंभरचे बॉण्ड बंद झाल्यापासून सगळीकडे हाच चालत होता. रेणुकादासांनी खिशातली पुडी सोडली. माहूरच्या देवीचं कुंकू. बॉण्ड हातात आला की आधी त्याच्या कोपऱ्यात देवीचं बोट उमटवायचं, मग शाई लावायची, अशी त्यांच्या वडिलांची रीत आणि तीच त्यांची. व्यंकटलाही ती इतकी पाठ होती की त्याने कागद डावा कोपरा पुढे करूनच धरला.

रेणुकादासांनी बोट टेकवलं आणि उचललंच नाही.

"काय झालं, सावकार?"

"काही नाही," ते म्हणाले. "चष्मा घरी विसरलो. सोमवारी येतो."

चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

५

शनिवारी सकाळी नांदेडच्या घरी त्यांनी कपाटातून बावीस सालच्या फाइली खाली काढल्या.

"आज कुणाचं तेरावं?" चंद्रप्रभाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. हा त्यांचा रोजचा प्रश्न होता आणि त्यात आता रागही उरला नव्हता.

"माझंच असेल," रेणुकादास म्हणाले. बाई बाहेर आल्या, नवऱ्याचं तोंड बघितलं आणि काही न विचारता चहाचं आधण ठेवायला परत गेल्या.

करार सापडला. शिरूर ताजबंदचा प्लॉट, वीस जून दोन हजार बावीस, मुद्रांक विक्रेता व्यंकट, अहमदपूर. पुढे तो सौदा मोडला. त्यांना तो दिवस नीट आठवत होता. बॉण्ड दोन घेतले होते, कारण लिहिताना एखादं अक्षर चुकलंच तर एक जादा असावा, अशी त्यांची सवय. दोन्हींवर कुंकवाचं बोट लावलं होतं. एकावर करार झाला. दुसरा कोराच राहिला. मागच्या बाजूला नाव-तारीखही घातली नव्हती. 'राहू द्या माझ्यापाशी, पुढं कामाला येईल,' असं व्यंकट म्हणाला होता आणि रेणुकादास तो बॉण्ड विसरूनही गेले होते.

कराराच्या डाव्या कोपऱ्यात पुसट तांबूस डाग होता. छापील क्रमांकाचे शेवटचे आकडे दोनशे अठरा.

त्यांनी मोबाइल काढला. मृत्युपत्राच्या बॉण्डचे शेवटचे आकडे दोनशे एकोणीस.

मृत्युपत्राला खरं तर बॉण्ड लागतच नाही, साध्या कागदावर चालतं. पण आपल्याकडे बॉण्ड नसला तर कागदाला कोणी कागद मानत नाही. बरं, घेतला असता तर पाकिटांच्या पाठीवर गणितं सोडवणाऱ्या गुरुजींनी बावीस साली शंभरचाच घेतला असता. लिहिणाऱ्याला जुन्या तारखेला शोभेल असा जुना कोरा बॉण्ड हवा होता आणि त्याच्या खणात तसा एकच पडून होता.

सगळं जुळलं होतं. गुन्हा उकलल्याचा आनंद होतो म्हणतात. रेणुकादासांना नुसतं थकल्यासारखं झालं. चहा गार झाला तरी ते कागदाच्या कोपऱ्याकडे बघत बसले. देवीचं नाव घेऊन लावलेलं ते त्यांचंच बोट होतं.

६

सोमवारी अकरा वाजता त्यांनी व्यंकटच्या टेबलावर करार ठेवला आणि शेजारी मोबाइल. 

व्यंकटने आकडे पाहिले. मग दोन्ही कोपरे पाहिले. कुंकवाचा डाग त्याच्याही लक्षात आला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. रोज बघून बघून तो त्याला दिसेनासाच झाला असणार.

"गुरुजींनी तुला शिकवलं," रेणुकादास म्हणाले.

"हाव."

"त्यांची सही कुठून काढलीस?"

"शपथपत्रं माझ्याकडूनच करायचे की. बगून बगून हात बसला." व्यंकट खाली मान घालून म्हणाला. "सिंधुताईला काई उपाशी मारायचं न्हवतं मला. ती हिस्सा सोडणार न्हाई, दादाला विकायचंय. भांडत बसले असते."

"मग बसू द्यायचं होतं. आणि नोटीस नांदेडला का दिलीस?"

"ताईनं वाचू नये म्हणून," व्यंकट म्हणाला आणि पहिल्यांदा त्याने वर बघितलं. "आन् तुमी वाचावी म्हणून."

कडुनिंबाखाली गर्दी वाढत होती. कुणीतरी उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म मागत होतं. व्यंकटने त्याला हातानेच थांबवलं.

"तुमीच म्हणता न्हवं, सावकार, एका सहीचं घर आण? बारा वर्षं झाली. दोन सह्यांचं आणलं की तुमी चहासुद्धा घेत न्हाई माझ्याकडं. एका सहीचं आणलं की पाठ थोपटता. आता कुणाच्या घरी एकच लेकरू असतंय का? कुठून आणू म्या एवढी एका सहीची घरं?"

 पुढचा प्रश्न विचारू नये असं रेणुकादासांना वाटत असतानाच तो विचारला गेला.

"हे पहिल्यांदाच केलंस ना, व्यंकट?"

व्यंकट टेबलावरचे कागद एकावर एक रचत राहिला.

"तू आणलेलं मुखेडचं घर?"

"ते खरं व्हतं."

"धर्माबादचा प्लॉट?"

व्यंकटने शिक्क्याची डबी उघडली आणि उगाच पुन्हा बंद केली.

७

भूमी अभिलेख कार्यालयात दुपारी तीनला सिंधुताई आधीच येऊन थांबली होती. रेणुकादासांनी रविवारी फोन करून तिला बोलावलं होतं. तिने आपली हरकत लिहून आणली होती, गुरुजींच्या मुलीला शोभेल अशा गोल अक्षरात. बाजूला श्रीनाथ उभे होते. ते आपणहून आले होते. मृत्युपत्रातलं ते शेवटचं वाक्य रेणुकादासांनी फोनवर वाचून दाखवलं, तेव्हाच त्यांनी लातूरहून निघायचं ठरवलं होतं.

"तायडे," एवढंच ते म्हणाले.

"आता न्हाई, दादा," सिंधु म्हणाली. "आधी कागद आत जाऊ दे. मग रड."

आवकच्या खिडकीतल्या बाईंनी तिचा अर्ज घेतला, शिक्का मारला, पोच दिली. मग रेणुकादास पुढे झाले. अर्जासोबत कराराची प्रत, मृत्युपत्राच्या फोटोची प्रत, दोन्हींच्या क्रमांकांखाली पेन्सिलीची रेघ.

"तुम्ही नातेवाईक?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग हरकत कशी घेता? अर्जदाराचा प्रकरणाशी संबंध, हा रकाना तुम्ही कोराच ठेवलाय."

रेणुकादासांना माहीत होतं की तो रकाना भरला की उद्या पोलीस विचारायला येतील. नांदेडात तोंड लपवावं लागेल आणि बारा वर्षांतलं एकेक घर कुणीतरी उकरून काढील. मागे सिंधु उभी होती. तिच्या गळ्यात अजून मोजपट्टी होती, काढायचं विसरली असावी. त्यांनी चष्मा पुसला, खिडकीच्या फळीवर अर्ज टेकवला आणि त्या रकान्यात लिहिलं: 'खोटं मृत्युपत्र ज्या बॉण्डवर आहे, तो बॉण्ड माझा.'

बाईंनी ते वाचलं, त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि शिक्का मारला.

"झालं?"

"नाही," रेणुकादास म्हणाले आणि शंका म्हणून घरूनच सोबत आणलेली धर्माबादची फाइल पिशवीतून काढली. "हे तिकडच्या कार्यालयात द्यायचंय, पण तिथं पोचेपर्यंत बंद होईल. लिहून तयार ठेवतो. एक कोरा अर्ज द्या."